पाणबुड्याचे घड्याळ

मनगटी घड्याळे घरोघरी येण्यापूर्वी महाराष्ट्रात लग्नाचा मुहूर्त पाण्यावर मोजला जात असे. पाण्याने भरलेल्या गंगाळात बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी अलगद सोडावयाची. छिद्रावाटे पाणी हळूहळू आत शिरावयाचे. आणि वाटी भरून तळाशी गेली म्हणजे एक घटका, अर्थात २४ मिनिटे झाली असे समजावयाचे. एखाद्याचा शेवट जवळ आला म्हणजे त्याची घटका भरली असे जे म्हणतात, ते या वाटीवरूनच. पाणी आत शिरले म्हणजे वेळ कळे, अशी ती योजना होती. पाणबुड्याच्या मनगटावरील यांत्रिक घड्याळाची योजना हिच्या अगदी उलट आहे. तेथे पाण्याचा एक थेंब आत शिरला तरी वेळ कळेनाशी होते, आणि वेळ कळेनाशी झाली म्हणजे घड्याळ बांधणाऱ्याचीच घटका भरण्याचा संभव असतो.

हे घड्याळ आज मुंबईपुण्याच्या दुकानांतून सर्रास दिसते. जाड पोलादी डबी, काळी तबकडी, ठळक आकडे, भोवती दाते असलेले फिरते वलय आणि तबकडीवर २०० किंवा ३०० मीटर असा आकडा, ही त्याची ओळखीची लक्षणे. ते विकत घेणाऱ्यांपैकी समुद्रात बुडी मारणारे थोडेच असतात. तथापि त्याचे प्रत्येक लक्षण कोणत्या ना कोणत्या संकटातून जन्मास आलेले आहे. ते संकट ध्यानात घेतले म्हणजे हे घड्याळ कशासाठी आहे हे कळते, आणि ते कसे वापरावे व किती विश्वासावे हेही कळते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सामान्य घड्याळ ‘किती वाजले’ या प्रश्नाचे उत्तर देते. पाणबुड्यास या उत्तराचा फारसा उपयोग नसतो. पाण्यात उतरल्यापासून किती वेळ झाला, एवढेच त्यास हवे असते. कारण त्याचे आयुष्य या एका हिशेबावर अवलंबून असते.

तो हिशेब असा. समुद्राच्या पृष्ठभागावर मनुष्याच्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर १० मीटर खाली गेल्यावर त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे ३० मीटरवर तो दाब चौपट होतो. फुप्फुसात जाणारी हवाही त्याच दाबाची असावी लागते, नाही तर छाती फुगविताच येणार नाही. म्हणून त्या खोलीवर प्रत्येक श्वासाबरोबर चौपट हवा खर्च होते. वर जी नळकांडी एक तास पुरली असती, ती ३० मीटरवर सुमारे पाव तासात रिकामी होते.

हवेचा प्रश्न समजण्यास सोपा आहे; नत्रवायूचा प्रश्न अधिक फसवा आहे. श्वासातील हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू असतो. शरीर एरवी त्याचा उपयोग करीत नाही. परंतु दाब वाढला म्हणजे तो रक्तात व मांसमेदात अधिकाधिक विरघळू लागतो. किती विरघळेल हे खोलीवर आणि त्या खोलीवर काढलेल्या वेळेवर अवलंबून असते. मनुष्य सावकाश वर आला तर हा वायू फुप्फुसांवाटे निघून जातो. तो झटकन वर आला तर काय होते, हे सोडावॉटरची बाटली उघडताना सर्वांनी पाहिलेले आहे. दाब एकाएकी कमी होताच विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने उसळतो. तेच बुडबुडे सांध्यांत झाले तर असह्य वेदना होतात, पाठीच्या कण्यात झाले तर अर्धांग होते, आणि कित्येकदा मृत्यूही येतो.

या विकाराची ओळख जगास पाणबुड्यांपेक्षा पुलांच्या मजुरांनी अधिक करून दिली. न्यूयॉर्क येथील ब्रुकलिन पुलाचा पाया घालताना नदीच्या तळाशी दाबलेल्या हवेने भरलेल्या कोठ्यांत माणसे काम करीत. वर आल्यावर त्यांपैकी अनेक आजारी पडले, काही दगावले. आणि पुलाचे मुख्य स्थापत्यविशारद वॉशिंग्टन रोबलिंग हे स्वतः १८७२ मध्ये या विकाराने कायमचे पंगू झाले. १८७८ मध्ये पॉल बेअर या फ्रेंच शास्त्रज्ञाने या दुखण्यास नत्रवायूचे बुडबुडे कारण आहेत हे सिद्ध केले. पुढे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी ब्रिटिश आरमारासाठी शेळ्यांवर प्रयोग करून कोणत्या खोलीवर किती वेळ राहावे आणि वर येताना कोठे किती थांबावे याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हापासून पाणबुड्याच्या शास्त्रात खोली आणि काळ ही दोन मापे जोडीने आली. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन नौदलाने वापरलेल्या कोष्टकांत १८ मीटर खोलीवर ६० मिनिटे राहून सरळ वर येण्यास मुभा होती. ३० मीटरवर ती २५ मिनिटांवर येई. आणि ४० मीटरच्या सुमारास अवघी १० मिनिटे उरत. हौशी पाणबुड्यांसाठी आजची कोष्टके याहूनही सावध आहेत. ३० मीटरवरील २५ मिनिटे म्हणजे जुन्या मापाने साधारण एक घटकाच झाली.

हा वेळ मनाने मोजता येणार नाही का? येणार नाही, आणि त्याचे कारणही पाण्यातच आहे. सुमारे ३० मीटरच्या खाली दाबाखालचा नत्रवायू मेंदूस गुंगी आणू लागतो. मनुष्यास उगाच प्रसन्न वाटते, धोका क्षुल्लक भासतो, आणि दहा मिनिटे झाली की वीस याचा अंदाज राहत नाही. ज्या ठिकाणी वेळेचे भान सर्वांत अधिक हवे, नेमके तेथेच ते सुटते. म्हणून हे भान शरीराबाहेर, मनगटावर बांधून न्यावे लागते.

परंतु घड्याळ पाण्यात न्यावे कसे, हा प्रश्न सोपा नव्हता. घड्याळाच्या डबीस पाणी शिरण्याच्या तीन वाटा असतात: काचेची कड, पाठीचे झाकण आणि चावीची दांडी. पहिल्या दोन वाटा एकदा घट्ट बसविल्या की बसविल्या. तिसरी वाट मात्र रोज हलणारी. चावी फिरवावी लागते, ओढावी लागते, आणि तिची दांडी तर डबीच्या भिंतीतून थेट यंत्रापर्यंत गेलेली. रोलेक्स कंपनीचे हान्स विल्सडॉर्फ यांनी १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ नावाचे घड्याळ पुढे आणले. त्यात झाकण तर आट्यांनी बसविलेले होतेच, पण चावीही आट्यांनी डबीवर घट्ट आवळता येत होती. ऑक्टोबर १९२७ मध्ये मर्सिडीझ ग्लाइट्स या इंग्रज जलतरणपटू स्त्रीने आपले इंग्लिश खाडीचे पोहणे खरे होते हे पटविण्यासाठी पुन्हा पाण्यात उडी घेतली, तेव्हा हे घड्याळ तिच्या गळ्यात होते. पाण्याच्या कडाक्यामुळे दहा तासांहून अधिक काळ पोहल्यावर तिला नावेत घ्यावे लागले. खाडी पार झाली नाही. परंतु घड्याळ चालू होते. पुढच्याच महिन्यात लंडनच्या ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर त्याची मोठी जाहिरात झळकली.

तथापि पृष्ठभागावर पोहणे निराळे आणि खोल जाणे निराळे. ओमेगा कंपनीने १९३२ मध्ये ‘मरीन’ हे घड्याळ काढले. त्यात एका डबीवर दुसरी डबी सरकवून बसविण्याची युक्ती होती. १९३६ मध्ये ते जिनिव्हाच्या सरोवरात ७३ मीटर खोल सोडून पाहण्यात आले व कोरडे निघाले. परंतु तोपर्यंत घड्याळ बांधून इतके खोल जाणारा मनुष्यच विरळा होता. तांब्यापितळेचे शिरस्त्राण घातलेल्या पाणबुड्यास वरून नळीने हवा मिळे आणि त्याची वेळ नावेवरचे लोक मोजीत. १९४३ मध्ये झाक कूस्तो आणि एमील गान्यां यांनी फ्रान्समध्ये पाठीवरच्या नळकांड्यातून हवी तेव्हा हवी तेवढी हवा देणारे यंत्र सिद्ध केले, आणि पाणबुड्या नळीच्या व दोराच्या बंधनातून सुटला. मात्र या स्वातंत्र्याबरोबर नावेवरचा पहारेकरीही गेला. आपली वेळ आता त्याने आपणच पाहावयाची होती. आज ज्यास पाणबुड्याचे घड्याळ म्हणतात, त्याची गरज खऱ्या अर्थाने येथे उत्पन्न झाली.

ती गरज भागविणारे घड्याळ दहा वर्षांनी आले. फ्रेंच नौदलात लढाऊ पाणबुड्यांची तुकडी उभारणारे रोबेर मालूबिए आणि क्लोद रिफो हे आपल्या माणसांसाठी भरवशाचे घड्याळ शोधीत होते. बाजारात मिळालेली घड्याळे लहान, अस्पष्ट आणि पाण्यास दाद देणारी निघाली. तेव्हा काळी तबकडी, मोठे आकडे, अंधारात चमकणाऱ्या खुणा आणि बाहेरून फिरविता येणारे वलय, अशा अटी त्यांनी स्वतःच आखल्या. योगायोगाने स्वित्झर्लंडमधील ब्लांपँ या कारखान्याचे प्रमुख झां-झाक फिश्तेर हे स्वतः हौशी पाणबुडे होते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एकदा खोल पाण्यात वेळेचे भान सुटून त्यांची हवा संपली होती आणि जीव मुठीत धरून वर यावे लागले होते. त्या अनुभवातून ते अशाच घड्याळाचा विचार करीत होते. दोघांची गाठ पडून १९५३ मध्ये ‘फिफ्टी फॅदम्स’ हे घड्याळ तयार झाले. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर; त्या काळी पाणबुड्याची मर्यादा तेवढीच समजली जात असे. त्याच वर्षी रोलेक्सने १०० मीटरपर्यंत टिकणारे ‘सबमरीनर’ तयार केले. आजच्या बहुतेक सर्व पाणबुडी घड्याळांचा चेहरामोहरा या दोन घड्याळांवरून ठरलेला आहे.

या घड्याळांचा आत्मा म्हणजे त्यांच्या काचेभोवतीचे फिरते वलय. घड्याळवाले त्यास बेझेल म्हणतात. वलयावर ६० मिनिटांच्या खुणा असतात आणि शून्याच्या जागी एक ठळक चमकता ठिपका किंवा त्रिकोण असतो. पाण्यात उतरताना पाणबुड्या तो त्रिकोण मिनिटकाट्याच्या समोर आणून ठेवतो. मग मिनिटकाटा पुढे सरकत जातो आणि वलयावरचा जो आकडा त्याच्या समोर येईल तितकी मिनिटे झाली. बेरीज नाही, वजाबाकी नाही, काही लक्षात ठेवावयाचे नाही. गुंगी आलेल्या मेंदूकडून याहून अधिक अपेक्षा करता येत नाही.

आता समजा, पाण्याखाली हे वलय खडकास घासले किंवा दोरास अडकले आणि नकळत सरकले, तर? सुरुवातीच्या काही घड्याळांत वलय दोन्ही बाजूंस फिरत असे. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाच मिनिटे सरकले, तर वीस मिनिटे झालेली असताना पंधराच दिसावयाची. पाणबुड्या निश्चिंतपणे आणखी पाच मिनिटे खाली राहावयाचा, आणि ती पाच मिनिटे त्याच्या जिवावर बेतावयाची. ‘फिफ्टी फॅदम्स’मध्ये वलय दाबल्याशिवाय फिरू नये अशी तजवीज होती. पुढे, विशेषतः १९८० नंतरच्या दशकात, याहून साधी योजना सर्वत्र रूढ झाली. वलय काट्यांच्या उलट दिशेनेच, टिक् टिक् आवाज करीत फिरते. काट्यांच्या दिशेने ते फिरतच नाही. अशा वलयास धक्का लागला तर वीस मिनिटांऐवजी पंचवीस दिसतील. पाणबुड्या पाच मिनिटे आधी वर येईल. त्याचे काम अपुरे राहील, परंतु तो जिवंत राहील.

या लहानशा योजनेत फार मोठे शहाणपण साठविलेले आहे. चूक होणारच नाही असे यंत्र मनुष्यास कधी करता आलेले नाही. पण चूक झालीच तर ती कोणत्या बाजूस व्हावी, हे मात्र त्यास आधी ठरविता येते. ज्या घड्याळाची चूक धन्यास घराकडे परत आणते, ते चांगले घड्याळ.

हीच दृष्टी इतर लक्षणांतही आहे. समुद्रात थोडे खोल गेले की तांबडा रंग नाहीसा होतो, मग नारिंगी व पिवळा; शेवटी सर्व काही निळसर करडे दिसते. म्हणून रंगाच्या शोभेवर न विसंबता काळ्यावर पांढरे असा ठळक विरोध साधलेला असतो. काट्यांवर अंधारात चमकणारे द्रव्य लावतात. आरंभी ते रेडियमयुक्त असे. ते हाताळणाऱ्या कामगारांस झालेल्या भयंकर रोगांमुळे ते मागे पडले. १९६० नंतर काही काळ ट्रिटियम वापरात होते, आणि १९९० नंतरच्या दशकापासून उजेड पिऊन तो अंधारात परत देणारी, किरणोत्सर्ग नसलेली द्रव्ये आली. महाराष्ट्रात मात्र अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही रंगास रेडियम म्हणण्याची चाल कायम आहे. विशेष गोष्ट ही की, सेकंदकाट्यावरही असा एक चमकता ठिपका असतो. पाणबुड्यास सेकंद मोजावयाचे नसतात. पण घड्याळ चालू आहे की बंद पडले आहे, हे काळोखात त्या हलत्या ठिपक्यावरूनच कळते. बंद पडलेले घड्याळ काहीच सांगत नसते तर बरे होते. ते मागची वेळ दाखवून धन्यास फसविते, म्हणून हा उपाय.

अशा सर्व अपेक्षा आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ६४२५ क्रमांकाच्या मानकात १९८२ मध्ये एकत्र केल्या. १९९६ व २०१८ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. त्यानुसार घड्याळ निदान १०० मीटरचे असावे; अंधारात २५ सेंटिमीटरवरून त्यावरील वेळ वाचता यावी; ते चालू असल्याची खूण दिसावी; वलय आपोआप सरकू नये. प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली पाण्यात ठेवून तपासावे लागते. २०० मीटरच्या घड्याळाच्या ३० मिलिमीटर व्यासाच्या काचेवर त्या खोलीवर सुमारे १४० किलोग्रॅम भार पडतो, म्हणजे दोन धडधाकट माणसे तिच्यावर उभी राहावीत तसा. या परीक्षेनंतर तेच घड्याळ तासभर अगदी उथळ, सुमारे तीन मीटरच्या दाबाखालीही ठेवतात. हे प्रथम चमत्कारिक वाटते. परंतु खोल पाण्याचा जोरच काच व झाकण वॉशरांवर दाबून धरतो. उथळ पाण्यात तो आधार नसतो आणि ढिला वॉशर तेथे गळू लागतो. शेवटी घड्याळ तापवून काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवतात. तो पुसल्यावर काचेच्या आतून धुके धरलेले दिसले, तर पाणी आत गेले होते असे समजावे.

या घड्याळांची खोलीची चढाओढ हा एक स्वतंत्र इतिहास आहे. २३ जानेवारी १९६० रोजी झाक पिकार आणि डॉन वॉल्श हे ‘ट्रिएस्ट’ नावाच्या यानातून पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेच्या तळाशी, १०,९१६ मीटरवर उतरले. त्या यानाच्या बाहेर रोलेक्सचे एक प्रायोगिक घड्याळ बांधलेले होते. दर चौरस सेंटिमीटरवर एक टनाहून अधिक दाब सोसून ते चालूच वर आले. पण त्याची काच इतकी फुगीर व जाड होती की ते मनगटावर वागविणे शक्य नव्हते. खरी अडचण त्याहून पुष्कळ कमी खोलीवर आली. अनेक दिवस दाबाखालच्या कोठडीत राहून काम करणाऱ्या पाणबुड्यांच्या श्वासात हेलियम वायू मिसळलेला असतो. त्याचे अतिसूक्ष्म कण वॉशरांतून घड्याळात शिरत आणि दाब कमी करताना आत कोंडून काच उडवून देत. यावर दोन उपाय निघाले. स्वित्झर्लंडमध्ये १९६७ च्या सुमारास हेलियम बाहेर सोडणारी छोटी झडप डबीस बसविण्यात आली. जपानमध्ये कुरे येथील एका पाणबुड्याने १९६८ मध्ये सेको कंपनीस पत्र लिहून तक्रार केली. सात वर्षांच्या खटपटीनंतर, १९७५ मध्ये, वायू आतच शिरू नये अशी एकसंध टायटेनियमची ६०० मीटरची डबी त्या कंपनीने तयार केली. मुंबईकरांस पूर्वीपासून परिचित असलेल्या फाव्र-ल्यूबा कंपनीने १९६८ मध्ये ‘बॅथी’ नावाचे घड्याळ काढले होते. त्यात पाण्याच्या दाबाने लवणाऱ्या पातळ पडद्याच्या साह्याने एक काटा ५० मीटरपर्यंतची खोलीही दाखवी. काळ आणि खोली ही दोन्ही मापे विजेशिवाय एकाच मनगटावर आली होती.

विजेशिवाय, ही गोष्ट विसरता कामा नये. या घड्याळाच्या पोटात एक गुंडाळलेली पोलादी कमान असते. चावीने, किंवा हाताच्या हालचालीबरोबर फिरणाऱ्या वजनदार चकतीने ती आवळली जाते, आणि बहुधा चाळीस तासांच्या आसपास उलगडत राहते. तिची शक्ती दातेरी चाकांवाटे एका झोके घेणाऱ्या चक्रापर्यंत जाते. ते चक्र अनेक घड्याळांत सेकंदास आठ, म्हणजे दिवसास सुमारे सात लाख वेळा टकटकते. अधिकृत परीक्षा उतरलेले स्विस घड्याळही दिवसात चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जाऊ शकते. बाजारातील स्वस्तातले विजेरीचे घड्याळ याहून अचूक असते. परंतु तासाभराच्या बुडीत ही चूक पाव सेकंदाहून अधिक होत नाही. पाणबुड्यास तिचे महत्त्व नाही. घड्याळ थांबू नये आणि नीट दिसावे, एवढेच त्याचे मागणे.

आता हे मागणेही मागे पडले आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १९८० नंतरच्या दशकात पाणबुड्यांसाठी लहान संगणक आले. खोली, वेळ, अंगात साठलेल्या नत्रवायूचा अंदाज आणि कोठे किती थांबावे, हे सर्व ते क्षणोक्षणी दाखवितात. आज शिकलेला पाणबुड्या संगणकाच्या भरवशावर उतरतो. यांत्रिक घड्याळ त्याच्या हातावर असले, तर ते दुसरा साक्षीदार म्हणून. विजेरी संपली किंवा पडदा काळा झाला, तर उतरल्यापासून किती मिनिटे झाली एवढे तरी ते सांगते, आणि शिस्तीने वर येण्यास तेवढे पुरते. मालवणला सिंधुदुर्गाच्या परिसरात किंवा गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ जे हौशी पर्यटक शिक्षकाच्या हातास धरून काही मीटर खाली जातात, त्यांच्यावर स्वतः वेळ पाहण्याची पाळी येत नाही. ती काळजी शिक्षक वाहतो.

मग शहरातील मनुष्याने असे घड्याळ का बाळगावे? कोणी यंत्राच्या कौतुकाने बाळगतो, कोणी मजबुतीसाठी, कोणी केवळ ऐटीसाठी. यात दोष काही नाही. त्या वलयाचा उपयोग कुकर उतरविण्यासाठी किंवा आगगाडीस किती उशीर झाला हे पाहण्यासाठीही होतो. दोष आहे तो तबकडीवरच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवण्यात. २०० मीटर हा आकडा म्हणजे नव्या घड्याळाने कारखान्यात दिलेल्या परीक्षेचे गुणपत्रक आहे. जन्मभराचे वचन नव्हे. हात जोराने हलविल्याने दाब फार वाढतो व पाणी शिरते, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. पोहणाऱ्याच्या हाताच्या फटक्याने जो दाब वाढतो तो मीटर-दीड मीटर अधिक खोल गेल्याइतकाच. घड्याळात पाणी शिरते ते बहुधा वॉशर म्हातारा झाल्यामुळे, चावी आवळावयाची राहून गेल्यामुळे, किंवा घड्याळ आपटून डबीस पोचा आल्यामुळे. रबर उन्हाने, घामाने, साबणाने आणि केवळ काळानेही ताठर होते. पोलादी डबी शंभर वर्षे टिकेल. तिची अब्रू मात्र दोन-चार रुपयांच्या रबरी कडीवर अवलंबून असते.

म्हणून ज्यास हे घड्याळ पाण्यात न्यावयाचे आहे, त्याने वर्षातून एकदा ते चांगल्या घड्याळजीकडून दाबाखाली तपासून घ्यावे, आणि डबी उघडली की वॉशर बदलून घ्यावेत. ही तपासणी हल्ली पाण्यावाचून, हवेच्या दाबाने डबी किती दबते हे मोजून करता येते. पाण्यात उतरण्यापूर्वी चावी पूर्ण आवळलेली आहे ना, हे बोटाने पाहावे. ओल्या घड्याळाची चावी कधीही उघडू नये. चावी आवळताना प्रथम ती किंचित उलटी फिरवावी. आटे जुळल्याचा बारीकसा खटका बोटास जाणवला की मग सुलटी फिरवावी, म्हणजे आटे झिजत नाहीत. समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे, आणि वलयही फिरवून धुवावे, कारण मीठ व वाळू त्याच्याखालीच साठते. कढत पाण्याची आंघोळ घड्याळासह करू नये. ध्वनिक्षेपक व लोहचुंबक यांच्याजवळ ते ठेवू नये. केसासारख्या बारीक कमानीस चुंबकत्व आले म्हणजे घड्याळ एकाएकी पुढे धावू लागते.

आणि पावसाळ्याच्या एखाद्या दिवशी काचेच्या आतल्या बाजूस धुके दिसले, तर ते उन्हात वाळवू नये, की तांदळाच्या डब्यात पुरूनही ठेवू नये. धुके विरेल, पण वाफ ज्या वाटेने शिरली ती वाट उघडीच राहील, आणि आतल्या पोलादास गंज चढू लागेल. ते त्याच दिवशी घड्याळजीकडे न्यावे. वडिलांचे किंवा आजोबांचे जुने पाणबुडी घड्याळ ज्यांच्या घरी आहे, त्यांनी तर तपासणी होईपर्यंत ते नळाखालीही धरू नये. त्याच्या तबकडीवर जुने रेडियम असण्याचा संभव असल्यास ते घरी उघडण्याचा मोहही आवरावा.

गंगाळातील वाटीचे छिद्र चुकूनही बुजू नये म्हणून जोशीबुवा तिच्यावर नजर ठेवून बसत. पाणबुड्याच्या घड्याळास एकही छिद्र पडू नये म्हणून तशीच नजर त्याच्या धन्यास ठेवावी लागते. दोन्ही यंत्रे साधी आहेत, आणि दोन्ही यंत्रांचा भरवसा शेवटी राखणाऱ्याच्या दक्षतेवर आहे. उतरण्यापूर्वी चावी चाचपणे, त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणणे, आणि ठरलेली मिनिटे भरण्याच्या आत वर येण्यास निघणे, या तीन गोष्टी जो करतो तोच त्या घड्याळाचा खरा धनी. मग ते कितीही महाग असो वा स्वस्त.